डिक कॅम्बेल, आर्ब्रोथ आणि दिवसभर काम करून खेळायला येणारी माणसं

उत्तरवारा (धागाकर्ता)

स्कॉटलंडमधल्या डंडीत नोकरीला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात, 2018 साली, ऑफिसातल्या एकानं मला शनिवारी दुपारी आर्ब्रोथला फुटबॉल मॅच बघायला नेलं. गाडीनं वीसेक मिनिटं, मग स्टेशनवरून समुद्राच्या दिशेनं थोडं चालायचं की गेफील्ड पार्क. मैदानाच्या भिंतीपलीकडे लगेच उत्तर समुद्र. भरती आणि वारा एका वेळी आले की लाटेचे तुषार आत उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या तोंडावर येतात. मी दोन स्वेटर, वर जॅकेट आणि कानटोपी घालून कुडकुडत होतो. पाहुण्या संघाच्या गोलकीपरनं गोलकिक मारली. चेंडू उंच चढला, हवेत थबकला आणि वळून त्याच्याच अर्ध्या भागात टचलाइनबाहेर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर, जाऊन पडला. आजूबाजूचे लोक हसले नाहीत की ओरडले नाहीत. त्यांना ते रोजचंच होतं.

टचलाइनवर चपटी ट्वीडची टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ खिशात हात घालून उभे होते. त्यांच्या शेजारी जवळजवळ त्यांच्यासारखाच दिसणारा दुसरा माणूस. माझा सहकारी म्हणाला, "हे डिक कॅम्बेल, आमचे मॅनेजर. शेजारचे इयन, त्यांचे जुळे भाऊ आणि सहायक."

त्या दिवसापासून मी या माणसाच्या कारकिर्दीत गुंतलो. मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा.

जन्म 22 नोव्हेंबर 1953. माणूस फाइफचा, म्हणजे जुन्या कोळसाखाणींच्या पट्ट्यातला. खेळाडू म्हणून डनफर्मलिन, काउडनबीथ, ब्रेकिन सिटी अशा क्लबांकडून खेळले. मोठ्या क्लबांच्या इतिहासात त्यांचं नाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. पुढे डनफर्मलिनमध्ये बर्ट पेटन यांचे सहायक झाले आणि जानेवारी 1999 मध्ये मुख्य मॅनेजर. संघ तेव्हा वरच्या लीगमध्ये तळाशी झुंजत होता. त्या मोसमाअखेर तो खाली उतरला, आणि पुढच्या मोसमात ती खुर्चीही गेली.

इथून खरी गोष्ट सुरू होते. 2000 साली ते ब्रेकिनला गेले. अँगस परगण्यातलं हे छोटं गाव. तिथल्या ग्लीब पार्क मैदानाची एक बाजू भिंतीऐवजी बीचच्या झाडांच्या उंच कुंपणाची आहे. या क्लबला त्यांनी 2002 मध्ये तळच्या डिव्हिजनचं विजेतेपद दिलं आणि 2003 मध्ये आणखी एक पायरी वर नेलं. 2004 मध्ये संघ खाली आला, तर 2005 मध्ये सेकंड डिव्हिजन (तेव्हाची तिसरी पातळी) जिंकून पुन्हा वर. मग ग्लासगोचं पार्टिक थिसल. 2006 च्या प्लेऑफ (बढतीसाठी मोसमाअखेर होणारे जादा सामने) फायनलमध्ये पीटरहेडला पेनल्टींवर हरवून थिसल वर गेलं. 2007 मध्ये तिथून निघाले आणि हायलँड्समधल्या रॉस काउंटीला गेले. तिथे काही महिन्यांतच त्यांना काढलं, तेसुद्धा संघ तक्त्यात वर असताना. त्या मोसमाअखेर रॉस काउंटीनं सेकंड डिव्हिजन जिंकली.

वय चौपन्न-पंचावन्न. दोन वर्षांत दोन नोकऱ्या गेलेल्या. अशा वेळी बरेच मॅनेजर टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसतात किंवा घरी. कॅम्बेल 2008 मध्ये फॉरफरला गेले. पुन्हा अँगस, पुन्हा तळची डिव्हिजन, पुन्हा संध्याकाळच्या सरावाला थेट कामावरून येणारे खेळाडू. तिथे सात वर्षांहून जास्त राहिले. 2010 मध्ये प्लेऑफ फायनल जिंकून फॉरफर वर गेलं. त्या फायनलमध्ये हरून खाली गेलेला संघ कोणता? आर्ब्रोथ.

आणि मार्च 2016 मध्ये त्याच आर्ब्रोथनं त्यांना बोलावलं. क्लब तेव्हा लीग टूमध्ये, देशाच्या चौथ्या पातळीवर होता. 2017 मध्ये लीग टूचं विजेतेपद, आणि मागे टाकलं ते दोन गुणांनी फॉरफरलाच. 2019 मध्ये लीग वनचं विजेतेपद. सोळा वर्षांनी आर्ब्रोथ दुसऱ्या पातळीवर पोचलं. मी पाहिलेली ती पहिली मॅच याच मोसमातली.

पुढचं, म्हणजे 2022 चं, सविस्तर लिहायचं आहे. आधी तुमचे प्रतिसाद येऊ द्या.

मधलीफळी

सुंदर लिहिलंय. एक प्राथमिक शंका. मला स्कॉटलंड म्हणजे सेल्टिक आणि रेंजर्स एवढंच ठाऊक. हे लीग वन, लीग टू, चॅम्पियनशिप नेमकं कसं बसवलंय? आणि 'कामावरून येणारे खेळाडू' म्हणजे हौशी खेळाडू का?

उत्तरवारा

मधलीफळी, 2013 पासूनची रचना अशी: वर प्रीमियरशिप, 12 संघ. मग चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 10. एकूण 42. त्याखाली हायलँड लीग आणि लोलँड लीग. तिथून वर यायचं दार उघडलं ते 2014-15 च्या मोसमात. त्याआधी तळाला असलेल्या संघाला खाली जाण्याची भीतीच नव्हती.

हौशी म्हणता येणार नाही. त्यांना क्लबकडून पैसे मिळतात, करार असतो. पण त्या पैशावर घर चालत नाही. म्हणून दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. इथे याला 'पार्ट-टाइम' म्हणतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. सुतार, इलेक्ट्रिशियन, शाळामास्तर, गोदामातले कामगार, सगळे असतात.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण बॉबी लिनचं. आर्ब्रोथचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं हल्ला करणारा खेळाडू, दिवसा डंडीत कचरागाडीवर काम करायचा. पहाटे उठून गल्लोगल्लीचे डबे रिकामे करायचे आणि संध्याकाळी बूट घालून मैदानात. 2018-19 मध्ये लीग वनमधल्या खेळाडूंनी आपल्या मतांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. मी त्याला खेळताना पाहिलंय. चेंडू पायात आला की त्याच्या बाजूचं सगळं टेरेस (उभ्यानं मॅच बघायच्या पायऱ्या) एका दमात पुढे झुकायचं.

दादरचा_गोलकीपर

या धाग्यावर सर अॅलेक्स फर्ग्युसनची आठवण काढली नाही तर तो अपुरा राहील. फर्ग्युसननं सुरुवात केली ती क्वीन्स पार्कसारख्या पूर्ण हौशी क्लबात. कारखान्यात उमेदवारी करत तो खेळायचा. 1974 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फॉल्कर्कच्या ईस्ट स्टर्लिंगशायरमध्ये पहिली मॅनेजरची नोकरी धरली. पगार आठवड्याला 40 पौंड. रुजू झाला तेव्हा संघात गोलकीपरच नव्हता असं त्यानं स्वतः सांगितलंय. मी शाळेपासून गोलकीपर, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे.

काही महिन्यांतच तो सेंट मिरेनला गेला. तिथून 1978 मध्ये त्याला काढलं, मग अॅबर्डीन, आणि 1983 मध्ये गोथेनबर्गला रेआल माद्रिदला 2-1 हरवून युरोपचा कप विनर्स कप. पुढचं, मँचेस्टर युनायटेडचं, सगळ्यांना पाठ आहे.

ज्या ईस्ट स्टर्लिंगशायरनं त्याला पहिली संधी दिली, तो क्लब 2016 मध्ये लीगमधून बाहेर पडला. उत्तरवारांनी सांगितलेलं ते खालचं दार उघडल्यावर त्यातून बाहेर जाणारा तो पहिलाच क्लब. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं होतं.

स्पष्टवक्ती

लेख मनापासून लिहिलाय हे दिसतंय, तरी माझा थोडा विरोध नोंदवते. 'दिवसा कचरागाडी, संध्याकाळी फुटबॉल' हे वाचायला छान वाटतं. पण त्या माणसाच्या शरीराचं काय? दिवसभर उभं राहून काम, मग थंडीत सराव, बुधवारी लांबची मॅच असेल तर रात्री एकला घरी आणि पहाटे पुन्हा ड्युटी. गुडघा गेला तर दोन्ही पगार बुडतात. माझा भाऊ इथे कंपनीच्या संघातून हॉकी खेळायचा. त्याच्या घोट्याच्या दुखापतीनंतर काय झालं ते मी घरात पाहिलंय. आपण लांबून याचं कौतुक करतो तेव्हा पैशांची टंचाई हाच एक सद्गुण असल्यासारखं बोलतो.

दुसरं, कॅम्बेल इतके चांगले असतील तर वरच्या लीगमध्ये का टिकले नाहीत? पार्टिक आणि रॉस काउंटी दोघांनीही काढलं, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत.

उत्तरवारा

स्पष्टवक्तीताई, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, माझ्या लिहिण्यात ते यायला हवं होतं. आणि माझ्या मते कॅम्बेल यांचं सगळं कौशल्य तुम्ही सांगितलेल्या त्या शरीराशीच बांधलेलं आहे.

पूर्णवेळ क्लबचा मॅनेजर सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी खेळाडू समोर बघतो. आहारतज्ज्ञ, व्हिडिओ, जिम, सगळं हाताशी. खालच्या लीगच्या मॅनेजरला मिळतात आठवड्यातले तीन-चार तास, तेही संध्याकाळचे, आणि समोरची माणसं आठ तास राबून आलेली. त्या वेळेत काय शिकवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ज्याला कळलं तोच इथे टिकतो. कुणाच्या घरी बाळ आजारी आहे, कुणाची रात्रपाळी आहे, कुणाला आज पळवायचं नाही, हे त्याला तोंडपाठ असावं लागतं. कॅम्बेल यांचे संघ बघताना मला हे सतत जाणवायचं. मांडणी साधी, प्रत्येकाला आपलं काम ठाऊक, कॉर्नर आणि फ्री किकवर घोटून घेतलेली मेहनत, आणि वर्षानुवर्षं तीच माणसं. रिकी लिटल, टॉमस ओब्रायन, कॉलिन हॅमिल्टन, डेव्हिड गोल्ड. मोसमामागून मोसम हीच नावं संघाच्या यादीत. हा माणूस आपल्याला वापरून फेकणार नाही असं वाटल्याशिवाय खेळाडू असे टिकत नाहीत.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल माझं मत सांगतो. डनफर्मलिनमध्ये त्यांना मिळाला तो अर्धा मोसम, बुडत्या संघासह. रॉस काउंटीचं कारण क्लबलाच ठाऊक. पण वर टिकणं हाच चांगल्या मॅनेजरचा एकमेव पुरावा मानला तर अँगसमधल्या एकाही क्लबचा इतिहास लिहिता येणार नाही. या एका परगण्यात लीगचे चार क्लब होते: आर्ब्रोथ, ब्रेकिन, फॉरफर, माँट्रोझ. त्यांतल्या तीन क्लबांना याच माणसानं वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. ते सोपं नसतं, आणि त्याचा पुरावा ब्रेकिनच आहे. कॅम्बेल गेल्यावर बारा वर्षांनी, 2017-18 मध्ये, ब्रेकिन चॅम्पियनशिपमध्ये खेळलं आणि 36 सामन्यांत एकही जिंकलं नाही. 4 बरोबरी, 32 पराभव. 2021 मध्ये ते हायलँड लीगमध्ये गेलं. छोट्या क्लबला वर नेणं कठीण, आणि तिथे ठेवणं त्याहून कठीण.

लार्ग्सची_वाट

कोचिंगच्या बाजूनं थोडी भर घालतो. स्कॉटलंडमधून इतके मॅनेजर का निघतात, याचं एक उत्तर लार्ग्स गावात आहे. क्लाइडच्या किनाऱ्यावरच्या या गावात स्कॉटिश फुटबॉल संघटनेचे कोचिंगचे वर्ग दशकानुदशकं भरत आले. प्रसिद्ध पोर्तुगीज मॅनेजर झोझे मोरिन्यो तरुणपणी तिथे शिकून गेला. पण मला त्या वर्गांचं खरं महत्त्व वाटतं ते खालच्या लीगच्या खेळाडूंसाठी. तिशी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारा, तिसऱ्या डिव्हिजनचा मिडफिल्डर तिथे मोठ्या नावांच्या शेजारी बसून तेच शिकायचा. देश लहान, क्लब खूप, त्यामुळे शिकून आलेल्याला पहिली नोकरी मिळायची जागा नक्की असायची. ईस्ट स्टर्लिंगशायर, ब्रेकिन, काउडनबीथ ही असल्या पहिल्या नोकऱ्यांची गावं.

खाणपट्टा

मी सात वर्षं फाइफमध्ये राहिले आहे, म्हणून राहवत नाही. काउडनबीथचं सेंट्रल पार्क कुणी पाहिलंय का? फुटबॉलच्या मैदानाभोवती स्टॉक कार शर्यतींचा ट्रॅक आहे. प्रेक्षक आणि टचलाइन यांच्यामध्ये डांबरी रस्ता आणि कडेला टायरांच्या थप्प्या. तिथल्या संघाला लोक प्रेमानं 'ब्लू ब्राझील' म्हणतात. मी राहायचे त्या गल्लीत एक निवृत्त आजोबा होते, त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही खाणीत. ते सांगायचे, शनिवारी पाळी संपली की बिऱ्हाडात अंघोळ करायला वेळ नसायचा, माणसं तशीच काळ्या तोंडानं मैदानावर यायची.

याच पट्ट्यातल्या डनफर्मलिनचा जिम लिशमन इथे यायलाच हवा. डनफर्मलिनचाच खेळाडू, पाय मोडून कारकीर्द बसली. मग त्याच क्लबचा मॅनेजर झाला आणि 1986 आणि 1987 अशा लागोपाठ दोन वर्षी बढती मिळवून संघ तळच्या डिव्हिजनमधून थेट प्रीमियरमध्ये नेला. पुढे नगरसेवक झाला आणि फाइफचा प्रोव्होस्ट, म्हणजे महापौरासारखं पद, दहा वर्षं सांभाळलं. जॉक स्टीनसुद्धा आधी खाणकामगार, मग अॅल्बियन रोव्हर्ससारख्या छोट्या क्लबचा खेळाडू, आणि मॅनेजर म्हणून त्याचा पहिला मोठा चषक 1961 चा स्कॉटिश कप, तोही डनफर्मलिनकडूनच. सेल्टिकसोबत 1967 मध्ये जिंकलेला युरोपियन कप त्यानंतरचा.

ही माणसं एकाच मातीतली आहेत असं मला नेहमी वाटतं. खाणीत जोडीदारावर जीव टाकावा लागतो. त्या घरांतून आलेल्या माणसाला अकरा जणांना एकत्र कसं बांधायचं, हे वेगळं शिकवावं लागत नसेल.

मधलीफळी

खाणपट्टाताई, अप्रतिम. उत्तरवारा, आता 2022 लिहा, फार ताणलंत.

उत्तरवारा

लिहितो. मला त्या मोसमाबद्दल अजूनही शांतपणे लिहिता येत नाही.

2021-22. चॅम्पियनशिपमध्ये दहा संघ, त्यांत पार्ट-टाइम एकटं आर्ब्रोथ. किलमार्नक नुकतंच प्रीमियरशिपमधून उतरलेलं, मोठं स्टेडियम, मोठा खर्च. इन्व्हरनेस, पार्टिक, डनफर्मलिन, रेथ, सगळे पूर्णवेळ. आर्ब्रोथची वस्ती चोवीस हजारांच्या आसपास. मोसमाच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसातल्या कट्टर पाठीराख्यांचीही अपेक्षा एवढीच होती की खाली जाऊ नये.

गोलमध्ये डेरेक गॅस्टन. मागे ओब्रायन आणि लिटल. मधून धावत येऊन गोल करणारा मायकेल मॅकेना. त्या वर्षी चॅम्पियनशिपमधल्या खेळाडूंनी त्यालाच सर्वोत्तम निवडलं. पुढे लिव्हिंग्स्टनकडून उसना घेतलेला जोएल नूबल, धिप्पाड, चेंडू अंगावर घेऊन दोन जणांना सोबत ओढत नेणारा. हिवाळ्यात तक्ता उघडला की सर्वात वर आर्ब्रोथ. मी रोज सकाळी बसमध्ये तो तक्ता बघायचो, बदलणार नाही हे माहीत असूनही.

जानेवारीत लिव्हिंग्स्टननं नूबलला परत बोलावलं. उसन्या खेळाडूचं हे असंच असतं. तरीही संघ कोलमडला नाही. एप्रिल आला आणि शर्यत दोघांतच उरली.

22 एप्रिल, शुक्रवारची रात्र, किलमार्नकचं मैदान. आर्ब्रोथ आघाडीवर होतं. आम्ही डंडीतल्या एका पबमध्ये, माझ्या हातातला चहा थंड झालेला. किलमार्नकनं बरोबरी केली, आणि अगदी शेवटी ब्लेअर अॅल्स्टननं 2-1 केलं. विजेतेपद तिथेच ठरलं. मोसमाअखेर तक्ता: किलमार्नक 67, आर्ब्रोथ 65.

प्लेऑफ उरलं होतं. उपांत्य फेरी इन्व्हरनेसशी. तिकडे 0-0. दुसरी लढत 13 मे ला गेफील्डवर, आणि तिला मी होतो. त्या रात्री वारा जवळजवळ पडला होता. माझ्या बाजूला एक आजी उभ्या होत्या, गळ्यात जुना तपकिरी-लाल मफलर. त्या म्हणाल्या, आज वारा हवा होता. इन्व्हरनेसचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. जादा वेळेत दुसरा. समोर नऊ जण, आणि आर्ब्रोथला 120 मिनिटांत गोल सापडला नाही. बघवत नव्हतं. दिवसभर काम करून आलेले पाय दोन तास पळून जड झालेत हे टेरेसवरूनही दिसत होतं. स्पष्टवक्तीताई, तुमचा प्रतिसाद वाचताना मला तीच वीस मिनिटं आठवली.

पेनल्टींवर इन्व्हरनेस 5-3 जिंकलं.

शिट्टी वाजल्यावर क्षणभर फक्त समुद्र ऐकू आला. मग त्या आजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि हळूहळू सगळ्या मैदानानं. कॅम्बेल एकेका खेळाडूकडे गेले. गवतावर बसलेल्याला हात देऊन उठवलं, मानेवर हात ठेवून काहीतरी बोलले, मग पुढच्याकडे. मी घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र झाली होती, आणि सकाळी त्यांतले काही जण कामावर गेले असतील या विचारानं झोप लागली नाही.

दादरचा_गोलकीपर

वाचून डोळ्यात पाणी आलं. नऊ जणांविरुद्ध गोल होत नाही तेव्हा काय होतं ते सांगतो. समोरचे सगळे बॉक्समध्ये ठाण मांडतात, जागा उरत नाही आणि घाई करणाऱ्यालाच धाप लागते. अकराविरुद्ध अकरात आर्ब्रोथला जास्त संधी मिळाली असती असं माझं मत.

स्पष्टवक्ती

उत्तरवारा, माझा आक्षेप कायम ठेवून सांगते, हा प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, त्या मॅनेजरचं पुढे काय झालं?

मासेखाऊ

थोडं विषयांतर, पण आर्ब्रोथ म्हटल्यावर 'आर्ब्रोथ स्मोकी' राहायला नको. हॅडॉक मासे मीठ लावून जोडीजोडीनं शेपटीला सुतळीनं बांधतात, आडव्या काठीवर टांगतात आणि खाली लाकडाचा जाळ करून वर ओली गोणपाटं झाकतात. मूळ शेजारच्या ऑखमिदी या कोळीवाड्यातलं. 2004 पासून त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. मी रत्नागिरीचा, मला कुठलाच सुका-धुरकट मासा परका वाटत नाही. पण स्मोकी भट्टीवरून उतरल्या उतरल्या, हातात कागद धरून, बोटांनी सोलून खायचा. बंदरावर मिळतो, मैदानापासून चालत जाता येतं.

त्या क्लबचं टोपणनाव 'रेड लिक्टीज'सुद्धा मच्छीमारांच्या बोटींना बंदराची वाट दाखवणाऱ्या लाल दिव्यावरून आलंय.

लार्ग्सची_वाट

आणि 36-0 विसरू नका. 12 सप्टेंबर 1885, स्कॉटिश कप, आर्ब्रोथ विरुद्ध बॉन अकॉर्ड. आर्ब्रोथच्या जॉन पेट्री या एकट्या पोरानं 13 गोल केले होते. त्या गावाला मोठे आकडे तेव्हापासून माहीत आहेत.

उत्तरवारा

मासेखाऊ, पुढच्या शनिवारी आधी बंदर, मग मैदान.

स्पष्टवक्तीताई, भावाला सांगा. पुढचा मोसम, 2022-23, कठीण गेला. संघ आठवा आला, पण चॅम्पियनशिपमध्ये राहिला. त्यानंतरच्या मोसमात घसरण थांबेना आणि नोव्हेंबर 2023 मध्ये कॅम्बेल आणि आर्ब्रोथ वेगळे झाले. सात वर्षांहून अधिक काळ झाला होता. मोसमाअखेर क्लब तळाला राहून लीग वनमध्ये गेला. ऑफिसातला माझा तो सहकारी आठवडाभर फुटबॉलबद्दल एक अक्षर बोलला नाही.

पण मग काय झालं बघा. 2024-25 मध्ये मॅनेजरची जबाबदारी दोघांनी मिळून घेतली, कॉलिन हॅमिल्टन आणि डेव्हिड गोल्ड. वर मी ज्यांची नावं 'वर्षानुवर्षं तीच माणसं' म्हणून लिहिली ते हेच. कॅम्बेल यांच्या हाताखाली गेफील्डच्या वाऱ्यात घडलेले. दोघांनी लीग वन जिंकून आर्ब्रोथला पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये नेलं. कुठल्या वेळी कुणाला पळवायचं आणि कुणाला सोडायचं, हे त्यांना कुणाकडून शिकायला मिळालं असेल ते तुम्हीच ओळखा.

कॅम्बेल घरी बसले नाहीत. 2024 मध्ये सत्तरीत ते ईस्ट फाइफचे मॅनेजर झाले, सोबत इयन. पुन्हा लीग टू, पुन्हा तळ. मेथिल गावातलं बेव्ह्यू मैदान, एकच स्टँड, पलीकडे फोर्थची खाडी. त्या शरद ऋतूत एका शनिवारी मी मुद्दाम गेलो, गाडी, मग बस. पाऊस तिरका येत होता. शेवटच्या पंधरा मिनिटांत एक तरुण डिफेंडर टचलाइनजवळ वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. कॅम्बेल आपल्या चौकोनाच्या कडेपर्यंत गेले, टोपीवरचं पाणी झटकलं आणि त्याला तळहात खाली करून खुणावलं: सावकाश, उभा राहा, श्वास घे. पोरानं मान हलवली आणि जागेवर गेला.

2025 च्या मे महिन्यात ईस्ट फाइफ प्लेऑफमधून वर गेलं.

स्पष्टवक्ती

सांगितलं त्याला. म्हणाला, त्या पोराचं नाव काय?